खारेबाबांची परात आणि चाळणमामाचा किडा

बसा असे, पाठ टेकून. गोष्ट सांगतो. भुताची नाही, देवाची नाही, एका किड्याची. बोटभर किडा, पण त्याच्या जिवावर अख्खं बंदर मूर्ख बनलं. म्हणजे बनवलं माणसानंच, किडा बिचारा केव्हाच मेलेला होता. ऐकताना डोकं तापेल तुमचं. तापू द्या. ज्याच्यावर हे बेतलं त्याचं किती तापलं असेल, तेवढा अंदाज तरी येईल.

तर त्या रविवारी धक्क्यावर ही गर्दी! मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. बोटी बांधलेल्या, बर्फाचा कारखाना बंद, आणि लिलावाच्या ओट्यावर मासळीच्या जागी खारेबाबा बसलेले. हे बाबा उगवून तीन आठवडे झाले होते. गोडं पाणी पीत नाहीत, नुसता समुद्र पितात अशी ख्याती. आता समुद्र पिणारा माणूस तीन दिवसांत आडवा होतो, हे बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बाबा म्हटलं की माणूस ठाऊक असलेलं सगळं घरी खुंटीला अडकवून येतो.

बाबांच्या पुढ्यात पितळी परात, परातीत समुद्राचं पाणी. आणि तोंडाचा पट्टा चालू.

"सागर सगळं बघतो! सागर सगळं ऐकतो! सागराला रजा नाही, सुट्टी नाही, लाच नाही! सावाचा हात गार ठेवतो, चोराचा हात जाळतो!"

"लाच नाही" म्हटल्यावर सगळ्यात जोरात टाळी कुणी वाजवली असेल? बंदरावरच्या वजनकाट्याच्या साहेबानं. जाऊ द्या.

प्रकरण असं होतं. बोटीच्या मालकाच्या गोदामातून पाच नवी कोरी जाळी गेली होती. कुलूप शाबूत, आणि किल्ली एकाच माणसाकडे, गोदाम सांभाळणाऱ्या पोरीकडे. मालक पोलिसांत निघाला होता, तेवढ्यात त्याचा मेहुणा म्हणाला, "दाजी, पोलीस कशाला? घरात बाबा असताना दारात पोलीस?" झालं. गोदामात ये-जा करणारे बारा जण रांगेत उभे केले. एकेकानं परातीत हात बुडवायचा, बाबांनी खांद्यावरच्या टॉवेलानं तो पुसायचा, वर बघायचं, आणि ओरडायचं, "गार! सुटला!" अकरा जण सुटले. बारावी ती किल्लीवाली पोरगी. तिनं हात बुडवला, बाबांनी पुसला. ती क्षणभर उभी राहिली. मग तिचा चेहरा पिळवटला, आणि तिनं हात असा झटकला की जणू निखाऱ्यावर पडला होता. तळवा लालबुंद.

"पेटला!" बाबा ओरडले. गर्दी दोन पावलं मागं सरकली, देवीची साथ आल्यासारखी.

मालकानं निकाल दिला. "पुढच्या रविवारी परत बुडवायचा. तेव्हाही भाजला तर किल्ली ठेवायची आणि बंदर सोडायचं. या धक्क्यावर तुला कुणी कामाला ठेवणार नाही, मी बघतो."

गर्दीत मागं एक माणूस दात-ओठ खात उभा होता. तो तिचा मामा. बहीण गेल्यापासून भाची त्याच्याच घरी वाढलेली. बंदराच्या टोकाला समुद्राचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिथं हा बावीस वर्षं समुद्राच्या तळाचा चिखल चाळतोय. चिखल चाळणीत घ्यायचा, पाणी सोडायचं, उरतील ते किडे चिमट्यानं वेचायचे. म्हणून सगळे त्याला चाळणमामा म्हणतात. शाळा सातवी. पण कुठला किडा कुठल्या कुळातला, हे तो चहाचा कप हातातून खाली न ठेवता सांगतो.

त्याला तो लाल तळवा बघितल्याबरोबर काहीतरी टोचलं. घरी आल्या आल्या त्यानं भाचीच्या तळव्यावर चिकटपट्टी दाबली, उचलली, भिंगाखाली धरली. पांढरे, काचेसारखे बारीक केस. दहा-बारा.

"मामा, काय आहे?"

"काय नाही, चोर आहे," मामा हसला. "कशाचे तरी राठ केस आहेत. समुद्रातल्या किड्यांना असतात असे. उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेल्या गेल्या त्यानं ती पट्टी एका बाटलीत टाकली, खिडकीतला फॉर्मलिनचा, म्हणजे मेलेले किडे टिकवायच्या औषधाचा, डबा उचलून ते वर ओतलं, झाकण लावलं, चिठ्ठी डकवली. मोठ्या मॅडम, म्हणजे किड्यांच्या डॉक्टर, बोटीवर गेल्या होत्या, बुधवारी येणार होत्या. तोवर मामानं दुसरी बाजू धरली. रविवारी गर्दीच्या गोंधळात परातीतलं पाणी त्यानं बाटलीत भरून आणलेलं होतं. ते सगळ्यात बारीक चाळणीतून गाळलं. काही नाही. परत गाळलं. काही नाही. तिसऱ्यांदा रेशमी कापडातून गाळलं. एक केस नाही! नुसतं खारं पाणी. मामा चाळणी आपटून मोकळा झाला. केस हाताला लागले, मग पाण्यात कसे नाहीत?

बुधवारी मॅडम आल्या. बाटली उघडली, पट्टी काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली. बराच वेळ बघितलं.

"मामा, यावर काही नाही."

"असं कसं? मी भिंगातून बघितलेत, मॅडम. दहा-बारा होते!"

"कशात ठेवलं होतंत?"

"फॉर्मलिनमध्ये."

"कुठल्या?"

"खिडकीतल्या..." आणि मामानं मान वळवून खिडकीकडे बघितलं.

काय झालं होतं सांगतो. फॉर्मलिन जुनं झालं की आंबतं. आंबलं की चुन्याच्या वस्तू खातं, शिंपले, कवच, सगळं. म्हणून डब्याच्या तळाला खडू टाकून ठेवायचा असतो. नवीन शिकाऊ पोरांना हे बावीस वर्षं कोण ओरडून सांगतंय? चाळणमामा! आणि खिडकीतला डबा बिनखडूचा, टाकून द्यायचा म्हणून बाजूला कुणी काढला होता? चाळणमामानंच. घाईत तोच उचलला. दोन दिवसांत केस विरघळून गेले. भाचीच्या तळव्यावर आता उरलं नव्हतं काही. आंबट पाण्यानं धुवून धुवून मामीनं हात साफ केला होता.

मामा खुर्चीत बसला तो बसलाच. स्वतःच्याच कानाखाली वाजवून घ्यायची, एवढंच काय ते बाकी होतं.

मॅडम मात्र पट्टीकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "थांबा मामा. समुद्रातल्या केसाळ किड्यांचे केस कशाचे असतात?"

"नखासारखे. फॉर्मलिनमध्ये वर्षानुवर्षं राहतात."

"मग हे का नाही राहिले?"

मामा ताडकन उठला. "चुन्याचे होते म्हणून!"

"आणि चुन्याचे केस कुणाचे?"

"आगकिड्यांचे! एकाच कुळाचे! मॅडम, मग लिहून द्या की!"

"काय लिहून देऊ? जो पुरावा नाही त्यावरून काढलेला अंदाज? मला किडा आणा."

किडा आणायला फार लांब जायला लागलं नाही. गुरुवारी जाळी विणणाऱ्या बायकांत जाऊन मामानं नुसतं विचारलं, तर त्यांची म्होरकी, जाळेवाली काकू, कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो तो समुद्री सुरवंट होय? कधी जाळ्यात येतो मेला! हातमोजे आम्ही हौसेनं घालतो की काय? हाताला लागला तर दोन दिवस आग आग होते."

मामानं तिच्याकडे बघितलं. "काकू, रविवारी तू होतीस ना धक्क्यावर? पोरीचा हात बघितलास ना?"

"बघितला की."

"मग तुला काही सुचलं नाही?"

"तो समुद्राचा कोप होता," काकू शांतपणे म्हणाली. "सुरवंट वेगळा."

मामानं तिच्या जाळ्यात चेंगरलेला एक सुरवंट चिमट्यानं उचलला आणि चालू लागला.

मॅडमनी किडा पाण्याच्या बशीत घेतला. बोटभर लांब, मध्ये फुगीर, दोन्ही बाजूंनी सोनेरी-पांढऱ्या केसांचे झुबके. पाठीवर प्रत्येक खणात एक जांभळा ठिपका, जसं कुणी शाईचं बोट लावत गेलंय. खणाखणाच्या दोन बाजूंना पिसांसारखे कल्ले. एक केस तोडून काचेवर ठेवला: टोकाला दोन फाटे, एक लांब, एक आखूड. मॅडम मोजत होत्या, पुस्तकात बघत होत्या, परत मोजत होत्या. मामा घड्याळ बघत होता.

"आगकिड्यांचं कुळ, हे नक्की," संध्याकाळी मॅडम म्हणाल्या. "त्यातलं घराणं क्लोइया, हेही नक्की. नेमकी प्रजाती नाही सांगता येत. कल्ले चौथ्या खणापासून सुरू होतात की पाचव्या, ते बघावं लागतं, आणि याचं डोकं जाळ्यात चेंगरलंय."

"म्हणजे आडनाव कळलं, नाव नाही."

"तसंच."

"मॅडम, बाबा एका क्षणात सांगतो चोर कोण! आणि आपण चार दिवस मोजतोय आणि नाव सांगता येत नाही? लोक हसतील मला! काहीतरी नाव टाका ना. कोण बघायला येतंय?"

मॅडमनी चष्मा काढला. "बाबाही हेच म्हणत असेल, मामा. कोण बघायला येतंय."

मामा तणतणत घरी गेला. वाटेत एका खांबाला लाथ मारली. लागलं त्यालाच.

शुक्रवारी भाची जेवायला बसली नाही. किल्ली ताटाशेजारी ठेवून बसली होती.

"मामा, मी आधीच देऊन टाकते. परत सगळ्यांसमोर हात बुडवायला नाही जमणार मला."

"गप. नुसतं पाणी आहे ते, तीनदा गाळलंय मी." आणि मग, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यानं सवयीनं विचारायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लागते: कुठं सापडला, कधी सापडला, किती खोल, कशानं काढला. चारही रकाने भरल्याशिवाय मॅडम बाटली हातात घेत नाहीत. "सांग. कुठं?"

"धक्क्यावर. हे काय आता?"

"कधी आग झाली?"

"हात बाहेर काढल्यावर."

"काढल्या काढल्या?"

भाची थांबली. "नाही. काढल्यावर गारच होता. पुसल्यावर झाली."

"कशानं पुसला?"

"टॉवेलानं. बाकीच्यांना खांद्यावरच्या निळ्यानं पुसलं. मला म्हणाले, पोरीच्या जातीला कुणाचा ओला टॉवेल नको, आणि आसनाखालून कोरा पांढरा काढला. मला वाटलं, मान दिला."

मामानं घास खाली ठेवला. सगळं बंदर परातीत डोळे घालून बसलं होतं. आणि हा शहाणा, बावीस वर्षांचा अनुभवी, तीन दिवस तेच पाणी गाळत बसला होता! पांढऱ्या टॉवेलावर पांढरे केस. बाबाच्या बापालाही दिसले नसते.

रविवारी गर्दी दुप्पट. मामा पिशवीतून जुना आरशाचा मायक्रोस्कोप घेऊन आला, तो उन्हावर चालतो. व्हिनेगरची बाटली आणली, आणि मॅडमनी किड्याबद्दल लिहून दिलेला कागदही. भाचीला एवढंच सांगितलं होतं, "हात बुडव, पण पुसू देऊ नकोस."

"सागराला रजा नाही, सुट्टी नाही..." बाबांनी सुरू केलं. भाचीनं हात बुडवला, बाहेर काढला. बाबांचा हात आसनाखाली गेला. पांढरा टॉवेल आला, घडी केलेला, नुसता कोपऱ्याला धरलेला.

"थांबा," मामा पुढं झाला. "वाऱ्यावर वाळू द्या तिचा हात."

"ओल्या हातावर न्याय होत नाही, बाळ."

"का हो? समुद्राचा न्याय ना? मग ओला असला तर समुद्राला सर्दी होते का?"

पोरंटोरं हसली. काकूही हसली. बाबा म्हणाले शास्त्र आहे, मेहुणा म्हणाला विटंबना आहे, पण मजा बघायला आलेली गर्दी म्हणाली, वाळू द्या. भाचीनं हात वर धरला. मामानं मोठ्यानं शंभर आकडे मोजले. हात वाळला. गार.

"सागर प्रसन्न झाला!" बाबांनी झटकन पवित्रा बदलला. "पश्चात्ताप झाला पोरीला!"

"छान. मग आता तुम्ही त्या टॉवेलानं तोंड पुसा, बाबा. घाम आलाय."

बाबांनी टॉवेल मागं घेतला. तेवढ्यात बोटीचा मालक, जाडजूड माणूस, उन्हात उकडून निघालेला, वैतागून पुढं आला. "काय लावलंय हे! चाळण्या, तू आणि तुझी भाची..." आणि बोलता बोलता त्यानं बाबांच्या हातातला टॉवेल ओढला आणि मान पुसली. मेहुणा ओरडला, "दाजी, नको!" पण उशीर झाला होता.

तीन श्वास. मग मालकानं जो नाच केला! मान चोळतोय, शर्ट फाडतोय, "पाणी! पाणी!" करतोय. मान टोमॅटोसारखी.

आणि गर्दी काय म्हणाली असेल? तुम्हीच सांगा. "किडा आहे टॉवेलात" असं? छे! मागून कुणीतरी ओरडलं, "मालकच चोर!" आणि शंभर तोंडांनी तेच उचललं. "मालकानंच स्वतःची जाळी खाल्ली!"

मामा तिथं ओट्यावर चढून ओरडला, आणि त्याच्या आवाजात रडू होतं, रागाचं. "अरे, डोकी भाड्यानं दिलीत का रे? मालक चोर नाही! माझी भाची चोर नाही! कुणाच्याच हाताला, मानेला चोरी कळत नसते! इकडे या. एकेक या. डोळ्यांनी बघा."

त्यानं मालकाच्या मानेवर चिकटपट्टी दाबली, काचेवर लावली, आरसा उन्हाकडे वळवला. शेजारी दुसरी काच, गुरुवारच्या किड्याचा केस. "काकू, तू ये आधी."

काकूनं एक डोळा मिटला. "दोन फाटे. एक लांब, एक आखूड."

"आता ही दुसरी काच."

"तेच." काकू सरळ झाली. "अगं बाई! हा आपला सुरवंट!"

"आता बघत राहा." मामानं पट्टीवर व्हिनेगरचा थेंब सोडला. "बारीक बुडबुडे दिसतायत? चुना आहे तो. आंबट लागलं की विरघळतो. सागराचा कोप व्हिनेगरनं विरघळतो का, काकू?"

 काकूनं हातातले मोजे चढवले, खांद्यावरून पदर खोचला, आणि बाबांच्या आसनाखाली हात घातला. कागदाच्या पुडीत वाळवलेले सात-आठ सुरवंट निघाले, झुबके टॉवेलावर झाडून टक्कल पडलेले.

बाबा उठले. पळायला जागा नव्हती. गर्दीच त्यांनी जमवली होती. घाबरलेला माणूस खरं बोलतो, तसे बोलले, "मला मेहुणेसाहेबांनी सांगितलं होतं, किल्लीवालीचा हात जाळा म्हणून." आणि मेहुण्याच्या सासुरवाडीच्या गोठ्यात पाचही जाळी सापडली. गोदामाच्या मागच्या दोन फळ्या सुट्या होत्या. कुलपाकडे बघत बसल्यामुळे फळ्यांकडे कुणी बघितलंच नव्हतं.

मालकानं, मानेला फडकं बांधून, त्याच ओट्यावरून सगळ्यांसमोर म्हटलं, "पोरगी चोर नाही. मी चुकलो." भाचीनं किल्ली कमरेला लावली आणि गोदाम उघडायला गेली. रविवार होता तरी.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सगळे शहाणे झाले. कसले! गर्दीतल्या एका पोक्त माणसानं मॅडमचा कागद मामाच्या हातातून घेऊन वाचला. "हे बघा! लिहिलंय, घराणं क्लोइया, प्रजाती अनिश्चित. म्हणजे तुमच्या मॅडमलाही नक्की नाव माहीत नाही! मग बाबांमध्ये काहीतरी असेलच की." आणि चार माना हलल्या.

गुरुवारी खांबाला लाथ मारणारा मामा या वेळी चिडला नाही. म्हणाला, "दादा, जिला जेवढं कळलं तेवढंच तिनं लिहिलंय, आणि जिथं नाही कळलं तिथं 'नाही कळलं' म्हणून लिहिलंय. म्हणूनच जिथं ती 'कळलं' म्हणते, तिथं मी डोळे मिटून विश्वास ठेवतो. बाबाला सगळंच कळत होतं. तिथंच संशय यायला हवा होता."

पोक्त माणूस गेला. पटलं की नाही, कोण जाणे. पुढच्या आठवड्यात दोन बायका भाचीला विचारत होत्याच, "पण खरं सांग, पहिल्यांदा आतून काही वाटलं होतं का गं?"

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि ते कबूल केल्याशिवाय उठू नका. उद्या कुणी तुमच्यासमोर असाच चमत्कार मांडेल. तुम्हाला युक्ती कळणार नाही, लगेच तर नाहीच. मामालाही पाच दिवस लागले, तेही एक घोडचूक करून. तेव्हा "काहीतरी असेलच" असं म्हणू नका. त्या दोन शब्दांवर सगळे बाबा पोट भरतात. "मला माहीत नाही, बघूया" असं म्हणा. एवढं म्हणाल ना?